सवाष्णीचा हात

जरा डोळ्यांपुढे आणा, मुलांनो. दसऱ्याची सकाळ आहे. साखरा गावात ओल्या सारवणाचा वास येणारी एक नवी खोली, दाराला झेंडूचं तोरण, आत पाटावर कोरी पाटी आणि भोवती दाटीवाटीनं बसलेल्या मुली. निजामाचं राज्य होतं, साल एकोणीसशे सदतीस. मुलींच्या शाळेची ती खोली नर्मदाबाईनं आपल्या वाट्याचं वावर विकून बांधली होती.

पण नर्मदाबाई उभी होती उंबऱ्याबाहेर.

तिचं माहेर नरसीचं. देवळाच्या पायरीवर कोळशानं रेघा ओढून बापानं तिला अक्षरं शिकवली होती. विधवा होऊन एकटी राहिली, तेव्हापासून ती आपल्या ओसरीवर गावातल्या पोरी शिकवायची. फातिमाबीची बिलकीसही त्यांत असे. ज्यांच्या घरी चूल पेटली नसेल, त्यांना आधी भाकर आणि मग पाटी.

पाटीपूजेला सर्वांत धाकट्या मुलीचा हात धरून पहिला 'श्री' काढायचा, आणि तो सवाष्णीनंच, असा गावाचा रिवाज. ज्याच्या चार नाती शाळेत येणार होत्या, तो ग्यानबा आदल्या दिवशी येऊन स्पष्टच बोलला होता.

"बाई, तुमी शिकवा, आमची ना न्हाई. पण पहिल्या अक्षराला तुमचा हात नगं, तवर उंबऱ्याच्या आतबी येऊ नगा. अपशकुन झाला तर एक पोरगी येणार न्हाई."

"बरं, ग्यानबादादा. हात कुणाचा का असंना, पोरी आल्या म्हंजे झालं."

मान मिळाला पाटलीण शालूबाईला. हिरवं लुगडं, नाकात नथ. तिनं पाच वर्षांच्या रूपाला मांडीवर घेतलं, मुठीत लेखणी दिली, वर आपला हात ठेवला आणि तशीच थांबली.

गावानं सवाष्ण निवडताना नवरा पाहिला, लेकरं पाहिली, घराणं पाहिलं. तिला लिहिता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"काढा की वो पाटलीणबाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"काढून राहिले ना!" शालूबाईच्या कपाळावर घाम आला.

"आता काहून थांबल्या? नथ जड झाली का?" एक बाई खुसखुसली.

"ही लक्षणं बरी न्हाईत," म्हणत ग्यानबानं शेजारी बसलेल्या आपल्या नातीचं मनगट धरलं.

शालूबाईनं दाराकडे पाहिलं. ती रडकुंडीला आली होती. "नर्मदाबाई, मला कुठं येतंय वो!"

नर्मदाबाईचं पाऊल उचललं गेलं. पाटी दोन पावलांवर होती. पण उंबरा ओलांडला असता, तर ग्यानबाच्या नाती उठल्या असत्या आणि त्यांच्यामागे बाकीच्या. तिनं पाऊल मागे घेतलं आणि ती ताठ उभी राहिली.

"घाबरू नगा, शालूबाई. पोरीचा हात तेवढा सोडू नगा."

रूपाची थोरली बहीण दोन वर्षं तिला कडेवर घेऊन ओसरीवर यायची. ते लेकरू कोपऱ्यात बसून काय काय बघत होतं, हे गावाला ठाऊक नव्हतं. बाईला होतं.

रूपानं मान वर करून पाटलिणीकडे पाहिलं. "काकू, असं न्हाई."

तिनं लेखणी शालूबाईच्या बोटांत दिली, हिरव्या बांगड्यांच्या त्या हातावर आपला इवलासा हात ठेवला, आणि जीभ दातांत धरून सावकाश 'श्री' वळवायला लागली.