आगीविना पापड

पापड भाजला, बिल्डिंगभर वाटला गेला आणि नागोरावांची अब्रू वाचली. पण यातलं अजून काहीच झालं नाही असं धरून चालू, कारण आत्ता ते स्टुलावर चढून मीटरजवळचा पडलेला एमसीबीचा खटका पुन्हा वर करतायत.

त्यांच्या बायकोने, नर्मदेने, नव्या मायक्रोवेव्हचं बटण दाबलं. खट्. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला.

"भावजी, तुमीच ना प्लांटात वीज बनवता?" शेजारच्या रत्नाबाई दारातून म्हणाल्या. "मंग थोडी घरला पण आणायची!"

त्यांच्यामागे बाया उभ्या होत्या. आगीविना पापड बघायला नर्मदेनेच बोलावलेल्या. बोईसर नाक्यावरून वायरमन आणावा, तर शिफ्टच्या बसमध्ये नागोरावांना रिटायर होईपर्यंत तेच ऐकावं लागलं असतं.

"लोड जास्त होतोय," ते म्हणाले. त्यांनी फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, खबरदारी म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढला. खट्. मग त्याच प्लगला इस्त्री लावली. ती मुकाट्याने तापली. तापलीच आहे म्हणून त्यांनी एक रुमाल इस्त्री केला.

"दोष मायक्रोवेव्हच्या कंपनीचा."

नर्मदा मायक्रोवेव्हच्या पाठीमागे वाकली. तिने वास घेतला.

"अहो, पूजेचा नारळ कुठंय?"

"फोडला."

"कशावर?"

नागोरावांनी हातातला टेस्टर खिशात घातला. प्लांटात नवा पंप आला की नारळ फोडल्याशिवाय कुणी त्याच्या बटणाला हात लावत नाही. पंपाच्या पाठीला नारळाचं पाणी आत जाईल अशी जाळी नसते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"हळूच फोडला होता," ते म्हणाले.

रत्नाबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या.

मायक्रोवेव्ह वाळायला गच्चीवर गेला, रत्नाबाईंच्या सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी. खणखणीत उन्हात नागोराव काठी घेऊन राखणीला बसले. कावळे बोंबलांवर टपले होते, मायक्रोवेव्हकडे एकही फिरकला नाही. याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

नीट वाळल्यावर तो खाली आला. नर्मदेने डोळे मिटून बटण दाबलं. दिवा लागला, ताटली फिरू लागली आणि पापड टम्म फुगला. बायांनी टाळ्या पिटल्या. पापडाला बोंबलाचा वास होता. रत्नाबाईंनी दोन खाल्ले आणि तिसरा हातात घेऊन निघाल्या.

जिन्यातून त्यांचा आवाज आला, "अगो, हळूच फोडला म्हनतात!" खालचा मजला हसला.

नागोरावांनी घसा खाकरला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जाहीर केलं, "सर्व संबंधितांना विनंती करण्यात येते की, सदर नारळाचा विषय या मजल्याबाहेर नेण्यात येऊ नये."