मधलं मशीन

"पुन्हा लहान्यावर लाव," गुणाकर मिस्त्री म्हणाला. दुकानदार कटरेनं मधल्या मशीनवरची गाण्याची तबकडी उचलली आणि चौथ्यांदा लहान्यावर ठेवली.

रविवार होता, गिरणी बंद होती आणि मिस्त्रीला आज रिकाम्या हातानं घरी जायचं नव्हतं. अंग मात्र सकाळपासून जड होतं. सव्वीस वर्षं धानाच्या गिरणीचं इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशीच खरा थकवा येतो. आठवडाभर थकव्याला यायला वेळ कुठे असतो. मागच्या बाकावर त्याची बायको गोदाबाई मांडीवर पिशवी धरून बसली होती. पिशवीत लेकीनं, पुष्पलतानं, पाठवलेली मोठी तबकडी होती. लेक गोंदियाला नर्स. पहिल्या पगारातून तिनं बापासाठी अभंगांची लाँगप्ले घेतली, आणि घरी वाजवायला काय, तर चावीचा जुना फोनो. त्याची पोलादी सुई या तबकडीवर ठेवायची म्हणजे नांगरच घालायचा. त्यामुळे सहा महिने ती कपाटावर पडून होती. रोज दर्शन, आवाज नाही.

बालाघाटात रेडिओचं बरं दुकान कटरेचंच. त्यानं तीन मशीनं मांडली होती. लहान होतं ते हातात धरून न्यायच्या पेटीसारखं, झाकणातच त्याचा भोंगा. मधल्याचा भोंगा वेगळ्या लाकडी खोक्यात आणि सुईचा दांडा हलका. तिसरं कपाटाएवढं, ठेकेदारांच्या बैठकीत शोभेल असं. मिस्त्रीचं घरूनच ठरलं होतं. लहान्याचा दांडा जड, तो तबकडी खाणार. मोठ्यात निम्मे पैसे लाकडाचे. मधलं घ्यायचं. सायकल, चप्पल, चहाची पत्ती, सगळं त्यानं जन्मभर मधलंच घेतलं होतं.

पण कानानं तपासल्याशिवाय घेईल तर तो मिस्त्री कसला. परीक्षेसाठी त्यानं घरचं जुनं भजन आणलं होतं. वीस वर्षं ऐकलेलं. पहिल्या कडव्यानंतर मागे बारीक झांज सुरू होते. मशीन हलक्या प्रतीचं असलं तर ती नुसती खरखरते, चांगलं असलं तर किणकिणते.

"आयकलं ना?" कटरे म्हणाला. "लहान्यात झांज फाटून राह्यली. अब इसमें सुनो."

मिस्त्रीनं मान तिरपी करून मधलं ऐकलं. बाईचा आवाज होता, तबला होता. झांज नव्हती. लहान्यातही नव्हती.

"दोन्ही बिघडले आहेत तुये, कटरे. झांज कुठी आहे?"

कटरेचा हात थांबला. "काय बोलता, मिस्त्रीजी? साफ तो बज रही है."

कोपऱ्यात गिरणीचा मुनीम मोतीलाल पेपर वाचत बसला होता. शेठचा रेडिओ दुरुस्तीला टाकायला आला होता. त्यानं पेपर खाली केला. "कटरे, मिस्त्री म्हणतेत तर बिघडलंच असन. या कानावर आमची गिरणी चालते."

मग कुणी न विचारता त्यानं सगळं सांगितलं. मिस्त्री पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक चालत्या इंजिनावर कसं टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला कशी लावतो. सगळे हमाल हातातलं काम सोडून उभे राहतात. शेठ विचारतो, "काय म्हणते?" मिस्त्री सांगतो ते शेवटचं.

"दिवाळीआधी बेअरिंग जळलं," मुनीम म्हणाला. "मिस्त्रीनं दोन दिवस आधीच पेचकस लावून पाह्यला होता. बेअरिंग चांगलं होतं. मंग जळलं कशानं? तेल कमी पडलं म्हणून. चैतराम तेल विकून खात होता. शेठनं त्याच दिवशी काढला त्याले."

अकरा वर्षं इंजिनाला तेल घालणारा चैतराम मिस्त्रीला सकाळीच दिसला होता, स्टेशनच्या मालधक्क्यावर. पाठीवर पोतं होतं म्हणून हात जोडता येईनात, तर त्यानं मान लववली होती. मिस्त्रीनं दुसरीकडे बघितलं होतं. काढलं त्या दिवशी चैतराम एवढंच म्हणाला होता, "मिस्त्री, तुमचा कान खोटं नाही बोलत. पण माहं तेलबी खोटं नाही."

"अजून एकदा लाव," मिस्त्री म्हणाला. "मधल्यावर."

या खेपेला त्याची नजर सहज गोदाबाईकडे गेली. तिला या गाण्याचं काही नव्हतं, फोनोला ती किरकिर म्हणायची. पण कडवं संपलं आणि पिशवीवरचं तिचं बोट हलायला लागलं. टिक, टिक, टिक. झांज जिथे यायला हवी, नेमकं तिथे.

मिस्त्रीनं त्या बोटाकडे नीट बघितलं. घरच्या फोनोवर त्याला झांज ऐकू यायची, परवापर्यंत यायची. ती फोनोतून येत नव्हती, वीस वर्षांच्या आठवणीतून येत होती. इथल्या नव्या भोंग्यातून बाईचाच आवाज अनोळखी निघाला, तेव्हा आठवणीचं काही चाललं नाही. आणि दिवाळीआधी त्यानं पेचकस लावला तेव्हा बेअरिंगनंही आवाज दिलाच असणार. त्यानं ऐकला तो जुन्या, धडधाकट इंजिनाचा.

गोदाबाईला हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. दाराची कडी वाजली की तीच आधी उठायची, इतकंच. आता तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि ती लगेच कटरेकडे वळली. "मधलंच बांधा, भाऊ. यायनं घरीच सांगतलं होतं मले, लहान्यात झांज खरखरते म्हणून. उगाच तुमची गंमत करून राह्यले."

मुनीम हसला. कटरेही हसला, जरा उशिरा.

आता नुसतं "हौ" म्हणायचं होतं. गिरणीत अजून चार-पाच वर्षं ढकलता आली असती, राहायची खोलीही गिरणीचीच होती. मिस्त्रीला फार थकल्यासारखं झालं. तो बाकावर बसला.

"गोदे, तुले आयकू आली झांज?"

"आता ते काहून—"

"सांग."

"आली," ती हळू म्हणाली. त्याला ते ओठांवरून कळलं.

"दोन्हीत?"

"दोन्हीत. मधल्यात चांगली आली."

मिस्त्री मुनिमाकडे वळला. "मुनीमजी, मले एकातबी नाही आली. बेअरिंग बोललं असन, मले आयकू नाही आलं. चैतरामचं तेल बरोबर होतं. उद्या मी शेठले सांगतोच."

दुकानात भजन तसंच चालू होतं. मुनिमानं पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. "मिस्त्री, थकले तुमी. घरी जा, झोपा. मी काही आयकलं नाही समजा."

"तुमाले आयकू येते, मुनीमजी. तुमी आयकलं."

कटरेनं दांडा उचलून बाजूला ठेवला. सौदा फिसकटला असं समजून तो तबकडी पाकिटात घालायला लागला.

"मधलं बांध," मिस्त्री म्हणाला.

"आता कायले?" गोदाबाई म्हणाली. "तुमाले तर..."

"तुले येते ना."

येताना त्यानं मालधक्क्याशी रिक्षा थांबवली. गोदाबाई खोकी सांभाळत बसून राहिली. तिला दिसलं ते एवढंच की मिस्त्री उभा राहून बोलतो आहे आणि चैतराम ऐकतो आहे. ऐकून झाल्यावर चैतरामनं पागोटं सारखं केलं आणि पुढच्या पोत्याखाली पाठ दिली.

दुपारी मिस्त्रीनं मशीन जोडलं, खटका फिरवला आणि गोदाबाईच्या हातानं सुई ठेववली. पुष्पलताची तबकडी फिरायला लागली. थोडा वेळ तो त्या तबकडीकडे नुसता बघत राहिला. मग खुंटीवरच्या सदऱ्यातून त्यानं पेचकस काढला, टोक भोंग्याच्या खोक्याला टेकवलं आणि मूठ कानामागे लावली.

"काय म्हणते?" गोदाबाईनं विचारलं.

"थरथरते नुसतं," तो म्हणाला. "तू सांग."

गोदाबाईला असलं काही सांगायची सवय नव्हती. पदर सावरून ती भोंग्याजवळ सरकली.

"बाईच आहे गाणारी. मागं पेटी आहे. मृदंग आहे, तो तुमाले कळत असन."

"हौ. तो कळते."

ती थांबली. तोही पेचकस धरून थांबला.

"आता झांज आली," ती म्हणाली. त्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं.