बाटली बंद पाणी

शब्द चुकीचा तोडलेला दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग तो दुकानाच्या पाटीवर असो की औषधाच्या खोक्यावर. अडतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावरही मालक मला सकाळचे चार तास बोलावतात, कारण माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी एका लेखकाच्या परिचयात 'ख्यातनाम'चं 'खातनाम' जाऊ दिलं होतं. तो लेखक अंगाने भरलेला असल्यामुळे प्रकरण जरा जास्तच चिघळलं. तेव्हापासून माझा भाव वधारला, आणि खरं सांगायचं तर डोकंही थोडं वर गेलं.

घरात आम्ही चौघं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सून चष्म्याच्या दुकानात दुपारपासून काचा बसवते. आणि तेरा महिन्यांची नात, ढब्बी. हे लाडाचं नाव ती जन्मली तेव्हा शोभायचं. आता गाल उतरले होते, मनगटं काडीसारखी झाली होती. दर आठ-दहा दिवसांनी तिचं पोट बिघडायचं, दोन दिवस ती मलूल पडायची, जरा सावरली की पुन्हा तेच. दुपारी ती माझ्याकडे असायची, त्यामुळे तिचं एकेक दुपटं मीच बदलत होतो आणि आतल्या आत खचत होतो.

एका शनिवारी मुलगा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाई समजावून सांगत असतानाच त्याचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये माणूस अडकला होता. आमच्या चिरंजीवांनी एक कान त्या माणसाला दिला, एक कान बाईंना दिला आणि दोन्हीकडे "हो, हो" म्हणून घरी आले.

"काय म्हणाल्या?" सुनेने विचारलं.

"काळजीचं काही नाही म्हणाल्या. सगळं लिहून दिलंय." त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तो अडकलेल्या माणसाकडे पळाला.

चिठ्ठीवर एक औषध होतं आणि त्याखाली घाईघाईत लिहिलेली एकच ओळ. 'बाटली बंद पाणी उकळून गार करून द्या.' ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम.

सुनेने ती दोनदा वाचली. "बाबा, दुधाची बाटली बंद करा, असं म्हणतायत का त्या? आणि पाणी उकळून द्या?"

मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. "अगं, 'बाटलीबंद' हा एक शब्द आहे. बाटलीबंद पाणी. विकत मिळतं ते. तोडून लिहिलाय त्यांनी, सगळेच लिहितात." आणि खिशातलं लाल पेन काढून मी 'बाटली' आणि 'बंद' या दोन शब्दांना जोडणारी छोटीशी कमान काढली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आमच्यात 'जोडा' असं सांगायची तीच खूण.

"पण विकतचं पाणी परत उकळायचं कशाला?" तिचा प्रश्न अगदी सरळ होता.

"डबल काळजी घेतायत. तान्ह्या मुलांच्या बाबतीत घेतात." हे मी कुठून काढलं, देव जाणे. "अडतीस वर्षं शब्द वाचतोय मी."

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची खोकी यायला लागली. सून कामाला गेली की मी सहा बाटल्या पातेल्यात रिकाम्या करायचो, पाणी खळखळ उकळायचो आणि पुन्हा त्याच बाटल्यांत भरून झाकणं घट्ट लावायचो. बाटलीबंद म्हणजे बाटलीत बंद, हा माझा अर्थ. आणि 'गार करून' ही अट होती, तर ते बाटलीत आपोआप गार होईलच की. थांबायला मला जमत नाही. वाफ जरा कमी झाली की नरसाळं लावून ओतायला सुरुवात. बाटल्या कुरकुरायच्या, त्यांच्या कमरा आत जायच्या, एक तर कायमची वाकडी झाली. पाण्याला किंचित वास यायचा. मी म्हणायचो, उकळलेल्या पाण्याला येतो. मग तेच पाणी ढब्बीच्या दुधाच्या बाटलीत ओतून, रबरी बूच लावून तिच्या तोंडात द्यायचो. दूधही त्याच बाटलीतून, पाणीही त्याच बाटलीतून. असं पाच आठवडे चाललं, आणि त्या पाच आठवड्यांत तिचं पोट चार वेळा बिघडलं.

मग एका सकाळी आरोग्य पुरवणीचं मुद्रित माझ्या टेबलावर आलं. विषय होता प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी. मी नेहमीसारखा अर्थ बाजूला ठेवून अक्षरं वाचत होतो. आमच्या धंद्यात तसंच वाचावं लागतं, नाहीतर चुका निसटतात. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. चौथ्यात वाक्य होतं, 'बाटली बंद पाणी घेतले तरी ती बाटली उन्हात ठेवू नये व तिच्यात गरम पाणी कधीही भरू नये; उष्णतेने प्लास्टिकमधील द्रव्ये व सूक्ष्म कण पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. लहान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी.'

अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी 'बाटली बंद' तोडलं होतं. माझं पेन सवयीने खाली गेलं, कमान काढायला. आणि तिथेच थांबलं.

हीच कमान मी घरी काढली होती. 'बाटली', मोकळी जागा, 'बंद'. मी वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी माणसासारखं. गरम पाणी कधीही भरू नये. लहान मुलांच्या बाबतीत. मग ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आली आणि तिच्यात 'बंद'नंतर एक पूर्णविराम टाकून पाहिला. बाटली बंद. पाणी उकळून गार करून द्या. किती साधं, किती स्वच्छ वाक्य होतं ते. सुनेने पहिल्या फटक्यात वाचलं होतं.

जी बाटली बंद करायची ती मी चालू ठेवली होती, आणि वर रोज गरम पाण्यात प्लास्टिक घोळवून त्या जिवाच्या घशात उतरवलं होतं. अर्धं मुद्रित तसंच टाकून मी उठलो. मालक म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "चूक झाली." छापखान्यात हा शब्द माझ्या तोंडून स्वतःबद्दल त्यांनी प्रथमच ऐकला असावा.

घरी सून ढब्बीला कपडे घालत होती. झबलं तिच्या खांद्यावरून घसरत होतं. मी दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कमान, पूर्णविराम, गरम पाणी, वाकडी बाटली, पुरवणीतलं वाक्य. काही लपवलं नाही. लपवण्याचं वय गेलं होतं आणि धीरही.

तिने स्वयंपाकघरात जाऊन ती वाकडी बाटली हातात घेतली, दाबून पाहिली आणि ठेवून दिली.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी नसताना तुम्ही कसं भरता, हे मी कधी विचारलंच नाही."

"तू बरोबर वाचलं होतंस."

"हो." तिने ढब्बीला उचललं. "चपला घाला, बाबा."

दवाखान्यात आमच्या आधी तिघं होते. त्या बाकावर मी जे काही मनाशी बोललो ते इथे लिहीत नाही. ढब्बी माझ्या मांडीवर बसून माझ्या सदऱ्याचं बटण ओढत होती, आणि ते बटण तुटलं असतं तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठी मागितली. कमान पाहिली. मग त्यांनी ओठ दाबून धरले, पण हसू आवरलं नाही. "पूर्णविराम माझाच राहिला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारखा वाचक भेटेल, असं वाटलं नव्हतं."

मला हसायचं सुचेना. त्यांनी ढब्बीला तपासलं. पोट चाचपलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, काट्यावर ठेवलं.

"वजन घटलेलं नाही. वाढलंय, पण नगण्य. अंगातलं पाणी ठीक आहे. रडतेय चांगली खणखणीत." त्या सुनेकडे वळल्या. "हिचं पोट बिघडतंय ते दुधाच्या बाटलीमुळे, असंच मला तेव्हाही वाटलं होतं. बुचाच्या कडेला दूध राहतं, जंतू धरतात. कितीही उकळा, एखाद्या वेळी राहून जातं. म्हणून बाटली बंद. पेल्याने नाहीतर वाटी-चमच्याने पाजा."

"आणि ते गरम पाणी?" मी विचारलं. "ते प्लास्टिक जे पोटात गेलं ते?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? ते करायला नको होतं. गरम पाण्याने त्यातलं काही ना काही उतरतं, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. सगळं कळलंय, असं मी म्हणणार नाही. पण पाच आठवड्यांच्या पाण्याने हिला काही झालंय असं एकही लक्षण मला दिसत नाही. त्यासाठी तपासण्या नकोत, औषधं नकोत. आजपासून बंद करा, एवढंच. घरचं नळाचं पाणी उकळा, स्टीलच्या भांड्यात झाकून गार करा. झालं. आणि आजोबा, रात्री झोपा. तुमचे डोळे हिच्यापेक्षा जास्त खोल गेलेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, आणि तसंही सगळ्यांना दिसतच होतं.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात पूर आला. ढब्बीला पेला म्हणजे डोक्यावरून ओतायची वस्तू वाटायची. पहिल्या दिवशी तिने बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी चमचा फेकला, तो माझ्या कपाळाला लागला. मुलाने विचारलं, "बाबा, हेल्मेट आणू?" मी म्हणालो, "तू आधी दोन्ही कानांनी ऐकायला शीक." तो ओशाळला. त्याला मी तेवढंच बोललो, कारण जास्त बोलायचा हक्क मी गमावून बसलो होतो. सून माझ्याशी कामापुरतं बोलत होती. रागाने नाही, पण जपून, आणि तो जपलेपणा मला रागापेक्षा जास्त लागायचा. पाचव्या दिवशी ढब्बीने पेल्याच्या कडेला ओठ लावले, दोन घोट घेतले आणि उरलेलं माझ्या सदऱ्यावर सोडलं. त्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मी कॅलेंडरसमोर उभा राहून मोजायचो आणि तिसऱ्या आठवड्यात मोजायचं विसरलो.

मग आम्ही पुन्हा वजनाला गेलो, मी आणि सून. परिचारिकेने काट्यावरचा आकडा वाचला. मी म्हणालो, "परत एकदा वाचता?" तिला वाटलं मला कमी ऐकू येतं, म्हणून तिने मोठ्याने वाचला. आकडा मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आला होता. मला तो दुसऱ्यांदा ऐकायचा होता. बाईंनी समाधानाने मान डोलावली आणि पुढच्या लसीची तारीख सांगून आम्हाला वाटेला लावलं.

येताना ढब्बी माझ्या खांद्यावर झोपली. मधल्या चढावर मला धाप लागली, हात अवघडला. सून शेजारून चालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे, बाबा. जड झाली असेल."

"हो," मी म्हणालो. "जड झालीय."

ती थांबली. मग हसली, त्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, अगदी मोकळं. तिने हात मागे घेतले आणि माझ्या चालीने हळूहळू चालू लागली. घरापर्यंत मी ढब्बीला खाली ठेवलं नाही.