संपातलं कपाट आणि विशालाक्षीबाईंचा गुडघा

आजवर तीन तहसीलदारांनी ज्याला लाथा घातल्या, ते चेन्नईतलं जुनं लोखंडी कपाट मीच, मित्रांनो. कचेरी कोणती ते मात्र सांगणार नाही. जिच्या छपराखाली आयुष्य काढलं, तिची अब्रू चव्हाट्यावर मांडणं मला पटत नाही.

माझा जन्म १९७२ सालचा, अंबत्तूरच्या एका कारखान्यातला. तेव्हा या शहराला मद्रास म्हणत. हिरवट करडा रंग, चार फळ्या, पितळी मूठ. काय रुबाब होता म्हणून सांगू! हातगाडीवरून कचेरीत आलो, तेव्हा हमालांनी पायऱ्या चढवताना दोर सोडला आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. बिजागरी वाकली ती वाकलीच. तुमचं हाड मोडलं तर जुळतं, आमचं तसं नाही. तेव्हापासून माझं दार नुसत्या किल्लीनं उघडत नाही. कारकुनांनी मला हलवलं, ठोकलं, तेल पाजलं, शिव्या घातल्या. तहसीलदारांच्या लाथा मी तुम्हाला आधीच सांगितल्या.

माझ्या पोटात काय आहे, तर जातीच्या दाखल्यांच्या नोंदवह्या. कुणाला कधी दाखला दिला, बापाचं नाव काय, गाव कुठलं, सगळं. कागदच ते, पण त्यांच्यावाचून कॉलेजची दारं उघडत नाहीत हे मी एकतीस वर्षं पाहत आलोय.

१९७९ साली विशालाक्षीबाई कारकून म्हणून आल्या. तंजावूरकडच्या मराठी घरातल्या. कचेरीत सगळ्यांशी तमिळ बोलायच्या, पण एकट्या असल्या की माझ्याशी मराठीत. "अरे मेल्या, उघड की! सकाळपासनं काय हट्ट मांडलास?" असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. मला मराठी येतं ते त्यांच्यामुळं. शिव्यांपासून शिकलो, पण चांगलं शिकलो.

आठवडाभर झटून बाईंनी माझी मेख शोधली. डाव्या हातानं मूठ वर उचलायची, उजव्या गुडघ्यानं खालच्या कोपऱ्यावर एक सणसणीत तडाखा द्यायचा, आणि त्याच क्षणी किल्ली आधी उलटी, मग सुलटी. झालं! मी लोण्यासारखा उघडायचो.

आता त्यांची एक लबाडी सांगतो. ही मेख बाईंनी कुणालाही शिकवली नाही. सरकारी नोकराची तीन वर्षांनी बदली होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण जिच्यावाचून कपाट उघडत नाही, तिला कोण हलवणार? बदलीची यादी आली की मोठे कारकून चंद्रमौळी स्वतःच साहेबांना सांगायचे, "सार, विशालाक्षीला नको. ते कपाट तिचंच ऐकतं." घरी अंथरुणाला खिळलेली सासू, कचेरीपासून घर दहा मिनिटांवर. बाई तरी काय करतील? दार उघडताना त्या पदर असा धरायच्या की मागच्याला गुडघा दिसू नये. चोवीस वर्षं हे चाललं. मीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मग २००३ सालचा जुलै उजाडला. पेन्शनीला आणि इतर सवलतींना कात्री लागली म्हणून राज्यभरचे सरकारी नोकर संपावर गेले. विशालाक्षीबाई, चंद्रमौळी, सगळे गेटाबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. माझ्या खोलीची गजांची खिडकी नेमकी त्याच बाजूला, त्यामुळं मला सारं दिसायचं, ऐकू यायचं. सरकार म्हणालं, कामावर या, नाहीतर बडतर्फ. हे म्हणाले, हक्क सोडणार नाही. कोण चूक, कोण बरोबर ते लोखंडाला विचारू नका. म्हातारपणाची भाकरी जाईल या भीतीनं माणसं उन्हात बसली होती, एवढं मला दिसत होतं.

आणि आत? आत लोक येत होते आणि परत जात होते. कुणाला वारसाचा दाखला हवा होता, कुणाला उत्पन्नाचा. एका म्हाताऱ्यानं शिपायाच्या रिकाम्या स्टुलाला नमस्कार करून विचारलं, "सार, उद्या येऊ का?" उत्तर द्यायला कुणी नव्हतं. 

चौथ्या दिवशी हंगामी भरतीतून कल्पना नावाची बाई आली. बी.कॉम. झालेली, नऊ वर्षं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव घालून वाट पाहत बसलेली. ती गेटातून आत शिरली की बाहेरचे ओरडायचे, "करुंगाली!" संप फोडणाऱ्याला तमिळमध्ये असं म्हणतात, आणि ती शिवी फार जिव्हारी लागते. कल्पना आत येऊन आधी डोळे पुसायची आणि मग टेबल.

बुधवारी दिनकर आणि त्याची मुलगी चित्रा आली. दिनकर टी. नगरला साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत ब्लाउज शिवायचा. तोही तंजावूरचा मराठीच. चित्राला बारावीला उत्तम गुण होते आणि शुक्रवारी सकाळी नऊला गिंडीला इंजिनिअरिंगचं काउन्सेलिंग होतं. मागासवर्गाच्या यादीतून जागा नक्की होती. फक्त जातीचा दाखला दाखवायला हवा. तो नसेल तर खुल्या यादीत, म्हणजे जागेला मुकणंच.

"वडिलांचा दाखला असेल ना? तो दाखवा, लगेच सही करतो," तहसीलदार चित्राला म्हणाले. साहेब या कचेरीत नवे होते, संपावर नव्हते आणि माणूस वाईट नव्हता.

दिनकरनं मान खाली घातली. "होता सार. हरवू नये म्हणून मी तो कापडी पिशवीच्या अस्तरात शिवून ठेवला होता. बायकोनं परवा पिशवी धुतली."

शिंप्याची हुशारी शिंप्यालाच नडली! साहेबांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "हरकत नाही. तुमचा दाखला इथूनच दिलेला ना? १९७६? मग नोंदवहीत असेल. कल्पना, काढा ती वही."

आणि मित्रांनो, कल्पना किल्ली घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तिनं किल्ली फिरवली. मी ढिम्म. तिनं साबण लावला, खोबरेल ओतलं, केसातली पिन घातली. दिनकरनं खांदा लावला. मला उघडायचं होतं हो! त्या पोरीचं तोंड पाहून पोटातल्या वह्यासुद्धा तळमळल्या असतील. पण लोखंडाला आपलं आपण उघडता येत नाही.

"कटावणीनं फोडू या सार," दिनकर म्हणाला.

"सरकारी मालमत्ता आहे. वरून परवानगी लागेल. तिचा अर्ज आज गेला तरी आठ दिवस." साहेबांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. "की संपवाल्यांनीच मुद्दाम बिघडवून ठेवलंय? तसं असेल तर मला वर कळवावं लागेल. गुन्हा आहे हा."

हे शब्द खिडकीतून बाहेर गेले. कडुनिंबाखाली विशालाक्षीबाईंचा चेहरा पडलेला मी पाहिला.

गुरुवारी सकाळी बापलेक पुन्हा हजर. दिनकरनं दुकानाला दांडी मारली होती, आणि आडी म्हणजे आषाढातल्या सेलचे दिवस तोंडावर असताना शिंप्यानं दांडी मारणं म्हणजे मालकाची बोलणी ठरलेली. कल्पनानं चित्राला बाजूला घेतलं. "गेटबाहेर कॉफी रंगाची साडी नेसलेल्या बाई आहेत बघ. रोज त्याच उघडायच्या, असं वॉचमन म्हणतो. मी गेले तर ते मला फाडून खातील. तू जा."

चित्रा बापाला घेऊन गेली. बाईंसमोर उभी राहून तिनं तमिळमध्ये आत्या म्हणून हाक मारली. "अत्तै, कपाट कसं उघडायचं तेवढं सांगाल का? उद्या माझं काउन्सेलिंग आहे."

बाईंनी पदराचं टोक गुडघ्यावर ओढलं. चंद्रमौळीच पुढं झाले. "बाळ, तुझ्यावर राग नाही आमचा. पण आम्ही बाहेर आणि आमची कामं आत सुरळीत, असं झालं तर हा संप कशाला? आज कपाट, उद्या आणखी काही. तुला नाही कळायचं."

 चित्रा बापाकडं वळून मराठीत म्हणाली, "चला अप्पा. त्यांचंही पोट आहे."

एवढंच म्हणाली हो. रडली असती तर बाईंनी मन घट्ट केलं असतं कदाचित. पण या शब्दांनी त्या ताडकन उठल्या.

"थांब कण्णा, बाळा! सार, ऐका. हिला संपानं नाही अडवलं. मी अडवलंय."

आणि त्यांनी सगळ्यांपुढं सांगून टाकलं. मूठ, गुडघा, किल्ली, पदर, चोवीस वर्षांच्या चुकवलेल्या बदल्या. काही म्हणून लपवलं नाही.  चंद्रमौळी आ वासून पाहत राहिले.

"म्हणजे मी साहेबांना दर वेळी सांगायचो, ते... अडी पावी, पापिणी! चोवीस वर्षं मला बनवलंस?"

"बनवलं सार. घरी सासू होती."

"आणि आता हे सांगितलंस, तर तुला कोण ठेवणार इथं?"

"नको ठेवू देत. पण मी शिकवलं असतं तर या पोरीचं काम काल पाच मिनिटांत झालं असतं. संप आपला सरकाराशी आहे सार. हिच्याशी कधी होता?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "करुंगाली." चंद्रमौळी गर्रकन वळले. "कोण बोललं ते? रोज पहाटे सासूचं हगणंमुतणं काढून कामावर यायची ही. तोंड सांभाळून!" मग बाईंना हळूच म्हणाले, "आत पाऊल टाकू नकोस. नियम म्हणजे नियम. पण आपण संप दाराशी केलाय. खिडकीशी नाही."

बाई धावत खिडकीशी आल्या. दोन विटांवर चढून गज धरले. चार दिवस ज्या कल्पनाला बाहेरचे शिव्या घालत होते, तिला त्या पहिल्यांदा नावानं हाक मारत होत्या.

"कल्पना, मूठ वर. आणखी वर. आता गुडघा!"

कल्पनानं भीत भीत गुडघा लावला.

"अगं, पाहुण्यांचं दार वाजवतेस का? हाण! त्याला सवय आहे. हाण त्या मेल्याला!"

कल्पनानं हाणलं. नऊ वर्षं वाट पाहण्याचा सगळा राग त्या गुडघ्यात होता असं वाटतं, कारण मी मुळापासून हादरलो. किल्ली उलटी, सुलटी, आणि माझं दार उघडलं. बाहेर कडुनिंबाखाली कुणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबवली.

१९७६ ची वही, पान एकशे बारा. दिनकर, वडील एकोजी. साहेबांनी सही केली, शिक्का मारला. दिनकरनं दाखला हातात घेतला तेव्हा साहेब म्हणाले, "आता शिवू नका म्हणजे झालं."

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला कचेरीच्या गेटावर एक यादी चिकटली. बडतर्फ झालेल्यांची. लोक तुटून पडले. बाईंनी बोट फिरवत फिरवत आपलं नाव शोधलं. बोट एका जागी थांबलं आणि तिथंच राहिलं.

तेवढ्यात मागून हाक आली. "अत्तै! मिळाली! सरकारी कॉलेजात मिळाली, इलेक्ट्रिकल!" चित्रा धावत येत होती. मागून दिनकर, हातात मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या फुलांची पुडी.

बाई वळल्या. यादीला पाठ लावून अशा उभ्या राहिल्या की त्यांच्या डोक्याआड ते नाव झाकलं जावं. त्या हसल्या. काउन्सेलिंगला काय काय विचारलं, हॉस्टेल मिळणार का, सगळं विचारलं. फुलं केसांत माळून घेतली. दिनकर नमस्कार करायला वाकला, तर त्याला रागावल्या.

"अत्तै, तुमचं नाव तरी सांगा. घरी अम्मा विचारेल."

"नाव कशाला कण्णा? अत्तै म्हणालीस ते पुष्कळ झालं. जा, अंधाराच्या आत घरी जा."

पोर हसत हसत गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. मग चंद्रमौळींनी त्यांचा हात धरून त्यांना कडुनिंबाखाली बसवलं. चंद्रमौळींचं स्वतःचं नाव त्याच यादीत होतं, दोन ओळी वर.

पुढं माफीपत्रं लिहून घेतली आणि कितीतरी लोकांना परत घेतलं. विशालाक्षीबाईंनाही घेतलं, आणि त्याच महिन्यात त्यांची बदली अण्णा नगरला झाली. मला आता कुणीही उघडू शकत होतं ना! कल्पनाची हंगामी नोकरी संपली. बाईंनी तिच्यासाठी खटपट करून अनुभवाचा दाखला मिळवून दिला. त्या दाखल्यानं तिला पुढं काय मिळालं, हे मला कळलं नाही.

मित्रांनो, कपाट मोडकं असलं तर त्याला वेळेवर दुरुस्त करा. ज्याला ते उघडता येतं, त्याला आणखी चौघांना शिकवू द्या, आणि शिकवलं म्हणून त्याला घरापासून लांब पाठवू नका. आणि तुमचं एखादं काम सरकारी खिडकीवर अडलं, तर चिडा, भांडा, तुमचा हक्कच आहे तो. पण काम झाल्यावर खिडकीपलीकडच्या माणसाला नाव विचाराल, तेव्हा त्याच्या पाठीमागं काय लावलंय तेही एकदा वाकून बघा.