माझ्या पोटातलं परकं नाव

मी एक वेबसाइट बोलतेय. लहान मुलांच्या झोपायच्या पिशव्या विकणारी, चार पानांची, घरगुती. आपणहून बोलायचा माझा स्वभाव नाही. पण आज राहवतच नाहीये, कारण सकाळपासून माझ्याकडे एकतीस माणसं येऊन गेलीत!

माझा जन्म एका काळजीतून झाला. माझ्या मालकिणीची चिमुरडी झोपेत पांघरूण लाथाडायची. आईने घातलं की हिने लाथाडलं. थंडी लागली तर? छातीत कफ झाला तर? या 'तर'पायी आईच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी तिने एक जुनी रजई कापली, खांद्यावर बटणं आणि पुढे चेन लावली आणि पिशवी शिवली. पाय आत, हात बाहेर. मार म्हणावं आता किती लाथा मारायच्या त्या!

शेजारणीने एक मागितली, नणंदेने दोन. मग आईच्या धाकट्या भावाने, म्हणजे चिमुरडीच्या मामाने, जेवणाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि उष्ट्या कपबशा यांच्या मधोमध बसून मला घडवलं. 'आमच्याबद्दल' हे पान आईने अकरा वेळा लिहून खोडलं. आधी 'आम्ही एक अग्रगण्य संस्था' असं होतं. शेवटी उरलं, 'आम्ही म्हणजे मीच.'

पहिल्या महिन्यात माझ्याकडे नऊ माणसं आली. त्यातली सहा म्हणजे आईच, पुन्हा पुन्हा. दोनदा मामा. एक जण चुकून.

मामाने युक्ती काढली. अशाच पिशव्या करणारी एक मोठी कंपनी आहे. तिचं स्वतःच्या नावावर नोंदवलेलं वाक्य आहे, 'गुडुप निज'. जाहिराती बघून बघून लोक इंटरनेटवर शोधताना तेच शब्द टाकतात.

"तायडे, दुकान गल्लीच्या आत असलं तर पाटी चौकात लावायला नको?"

"अरे, पण पाटी दुसऱ्याची आहे ती!"

"पाटी कुठे? पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. माणसाला दिसणार नाहीत, शोधयंत्राला दिसतील. सगळेच करतात."

आई शिकलेली. मनाला न पटणारी गोष्ट मनाला पटवून देण्याइतकी शिकलेली. माझ्या शेवटच्या पानाच्या तळाशी 'गुडुप निज' एकवीस वेळा लिहिलं गेलं.

आणि काय सांगू! दुसऱ्याच दिवशी चाळीस माणसं! तिसऱ्या दिवशी एकशेदहा! मी नुसती तरंगत होते. आई तर भाजी ढवळता ढवळता दर दोन मिनिटांनी फोन उघडून माझा आकडा बघायची. भाजी लागली, तरी हसत होती.

मग एका काकूंचा फोन आला.

"अगं, नातवासाठी पाहिजे होती. ही गुडुप निजच ना? सूनबाईने तीच घ्या म्हणून बजावलंय."

आई म्हणाली, "तशीच आहे, काकू."

"मग पाठव एक."

फोन ठेवला तेव्हा चिमुरडी टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन बसली होती. तिने डोकं बाहेर काढलं. "आई, ही तर तू शिवलीस ना?"

 माझा आकडा त्या दिवशी आईने पुन्हा पाहिला नाही.

दोनच दिवसांनी कंपनीच्या वकीलबाईंचं पत्र आलं. आमचं वाक्य तुमच्या पानावर एकवीस वेळा आहे. ग्राहकांची फसगत होते. सात दिवसांत काढा, नाहीतर वेबसाइट बंद करायला लावू. बंद! माझा तर धीरच खचला.

मामा म्हणाला, "उत्तरच देऊ नकोस. एवढ्या मोठ्या कंपनीला तुझ्याकडे बघायला वेळ आहे होय?"

"वेळ आहे म्हणूनच एकवीस मोजलेत ना, शहाण्या!"

आई माझ्यासमोर बसली. त्या कोऱ्या दिसणाऱ्या जागेवरून तिने माऊस ओढला, तशी पांढरी अक्षरं निळ्या पट्ट्यात उघडी पडली. एकेक करत तिने एकवीसही पुसली. मग काकूंना फोन लावला.

"काकू, ती पिशवी कंपनीची नाही. मी घरी शिवते."

"मग परवा 'तशीच' का म्हणालीस?"

"हातची मागणी जाईल म्हणून घाबरले."

"मग नको बाई आत्ता," म्हणून काकूंनी फोन ठेवला. गेलीच मागणी.

माझा आकडा पुन्हा पहिल्या महिन्यासारखा खाली आला. पण आता आईला एकच प्रश्न छळत होता. दुसऱ्याचे शब्द गेले, आपले कुठले? तिने आपल्या फोनमध्ये मागे मागे जाऊन पाहिलं. ते जागरणाचे दिवस होते तेव्हा आपण स्वतः काय शोधलं होतं? सापडलं: 'मूल झोपेत पांघरूण लाथाडतं काय करू'. कंपनी नाही, जाहिरात नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. नुसती काळजी.

ती ओळ तिने माझ्या माथ्यावर लिहिली. मोठी. काळी. सगळ्यांना दिसेल अशी.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई आली, चारही पानं वाचून गेली, परत आली आणि तिने लिहून विचारलं, "तुमचीपण लाथाडते का हो?" मग तिची बहीण आली. आणि आज एकतीस! चार मागण्या! त्यातलं एकही माणूस आई नाही!

कधी आलात माझ्याकडे, तर शेवटच्या पानाच्या तळाशी पांढऱ्या जागेवरून माऊस फिरवून बघा जरूर. तिथे आता खरंच काही नाही.

आत्ताच आईने चिमुरडीला कडेवर घेऊन माझ्यासमोर आणलंय. "बघ गं, तू लाथा मारायचीस ना, म्हणून एवढे लोक आलेत आपल्याकडे!"

चिमुरडीने आकड्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग आज जास्त मारू?"