न तपासलेल्या तीन बस

"अक्का, गाडी इथें आणायलाच हवी काय? नंबर सांगतों, कागद लिहून द्या!"

वाचकहो, गाडीच्या धुराचा कागद काढायला गेल्यावर आपल्यापैकी किती जण असं बोलले असतील! आणि समोरच्यानं हसत हसत तसा कागद लिहून दिला, म्हणून किती जण खूशही झाले असतील!

विद्युलता गद्रे यांनाही ते वाक्य त्या दिवशी मुळीच खटकलं नाही. उलट त्यांना आनंदानं नाचावंसं वाटलं, कारण बोलणारा माणूस एका गाडीबद्दल बोलत नव्हता. त्याच्या चौतीस बस होत्या!

ही गोष्ट २००७ सालची, चेन्नईतली. पूनमल्लीच्या हमरस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात विद्युलताचं सरकारमान्य धूर तपासणी केंद्र होतं. ती मूळची कराडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. नवरा दर्शन जवळच्याच आवडी इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. लग्न होऊन इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं तिनं तमिळ शिकण्यात आणि घरात बसून कंटाळण्यात घालवली. मग जिद्दीनं परिवहन कार्यालयाच्या खेपा घातल्या, प्रशिक्षण घेतलं, यंत्रं आणली आणि केंद्र उभं केलं. "गाडीचं बायकांना काय कळतं?" असं म्हणणारे लोक आता तिच्याकडे रांग लावत. परवाना तिनं काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावला होता.

चौतीस बसचे मालक गुरुराज हे तंजावरी मराठी गृहस्थ. त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली होती. त्यांच्या बस श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करत. बहुतेक कामगार मुली, तीन पाळ्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या.

"शुक्रवारीं कारखान्याचा सुरक्षा अधिकारी सगळे कागद पाहणार," गुरुराज म्हणाले. "गाड्या तर दिवसभर पाळीवर. उभ्या कशा करूं? ही घ्या नंबरांची यादी. मागच्या वेळीं तीन गाड्यांचे दिलेंत की तुम्ही! तसेच द्या. यापुढें दर सहा महिन्यांनीं सगळें काम तुमच्याकडेंच!"

दर सहा महिन्यांनी चौतीस बस! गुरुराजांची पाठ वळताच विद्युलतानं दर्शनला फोन लावला. "अहो, ऐकलंत का? आपण आणखी एक यंत्र घेऊ या! पंपवाल्यांकडून शेजारची जागाही मागून घेऊ!" तिचा आवाज पंपावरच्या हॉर्नच्या वर चढला होता.

मग तिनं सर्टिफिकेटांचं पुस्तक उघडलं आणि भराभर लिहायला बसली. यंत्रावर धुराची मर्यादा पासष्ट; आकडा त्यावर गेला की गाडी नापास. तिनं एका गाडीला बेचाळीस लिहिले, दुसरीला अठ्ठेचाळीस, तिसरीला पंचेचाळीस. सगळ्यांना सारखाच आकडा बरा दिसत नाही! खाली सही, वर शिक्का. अशी बारा झाली.

"विद्या, ही गाडी कोठें आहे?"

तिनं दचकून वर पाहिलं. दारात राणोजीराव उभे होते. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आपल्या स्कूटरच्या तपासणीला आले होते. विद्युलता त्यांना मामा म्हणे.

"कुठली गाडी, मामा?"

"जिचा धूर तूं आत्तां बेचाळीस लिहिलास, ती!"

विद्युलता हसली, पण मामा हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तो परवाना खालीं काढ. पाठीमागें काय छापलें आहे तें मोठ्यानें वाच."

फ्रेम लावल्यापासून तो कागद कोणी उलटून पाहिला नव्हता. तिनं खिळे काढले आणि नाइलाजानं वाचू लागली. गाडी प्रत्यक्ष केंद्रात आणून तपासल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. कोऱ्या प्रमाणपत्रावर सही करून ठेवू नये. यंत्राची अचूकता ठरल्या मुदतीत तपासून घ्यावी. प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी आणि अधिकारी मागेल तेव्हा दाखवावी. केंद्रात होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला परवानाधारक स्वतः जबाबदार राहील.

"मामा, हे सगळं छापायला ठीक आहे," ती वैतागून म्हणाली. "पुढच्या पंपावर जा, तिथे यंत्राची नळी बाहेरसुद्धा काढत नाहीत. माझ्या बारा कागदांनी काय चेन्नईची हवा बिघडणार आहे?"

"ऐक, पोरी. रस्त्यावरचा पोलीस काय पाहतो? कागद. कारखान्याचा अधिकारी काय पाहतो? कागद. विमावाला काय पाहतो? तोही कागदच. तुझ्यामागून येणारा प्रत्येक जण कागद पाहतो, कां कीं तूं गाडी पाहिलीस असें त्याला वाटतें. एवढ्या साखळींत गाडी पाहणारी तूं एकटी आहेस! तूंच डोळे मिटलेस तर मग कोणी पाहिलीच नाहीं!"

"पण मामा, गुरुराजांच्या गाड्या चांगल्याच असतील."

"असतील म्हणजे काय? तूं असतील असें लिहिलें आहेस कीं आहेत असें? आणि हें दुकान नव्हे, विद्या. हें सरकारचें काम आहे, तुझ्या हातीं सोंपवलेलें. खोटें लिहिलेंस तर परवाना जाईल, खटलाही होईल. पण तेंही राहूं दे. तो कागद खरा मानून कोणी तरी गाडींत बसणार आहे ना?"

विद्युलताला राग आला. घरचा माणूस असून आनंदाच्या दिवशी असं बोलावं! पण खटल्याचं नाव ऐकून हात मात्र थांबला. तिनं पुस्तक खणात टाकलं, मामांच्या स्कूटरची तपासणी केली, आणि गुरुराजांना संध्याकाळी काय सांगायचं याचा विचार करत बसली.

पण संध्याकाळपर्यंत थांबायची वेळच आली नाही!

दुपारचे तीन वाजून गेले असतील. एक पांढरी बस करकचून ब्रेक लावत हमरस्त्यावरून वळली आणि पंपाच्या आवारात येऊन थांबली. दार उघडलं. निळ्या कोटातल्या मुली एकमेकींना धरत, खोकत खाली उतरू लागल्या. एकीनं उतरताच उलटी केली. दुसरीला दोघींनी हातांवर उचललं होतं. तिची मान लटकत होती!

"तण्णी! तण्णी!" मुली पाणी मागत ओरडत होत्या.

विद्युलता धावली. पंपाची माणसं धावली. बेशुद्ध मुलीला मोकळ्या हवेत सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. राणोजीराव अजून तिथेच होते. त्यांनी रिक्षा थांबवली आणि दोन मैत्रिणींसह तिला समोरच्याच दवाखान्यात पाठवलं. तिचं नाव कनका. वय एकोणीस. मागच्या शेवटच्या बाकावर बसली होती.

ड्रायव्हर सुब्बा कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता. विद्युलता त्याच्यावर तमिळमध्ये ओरडली, "आत धूर भरेपर्यंत तुम्ही काय करत होता?"

सुब्बा ताडकन उठला. "मला विचारता, मॅडम? चार महिने सांगतोय मी मालकांना! मागे धूर येतो, मुली नाकाला ओढणी बांधून बसतात. मुलींनीही कारखान्यात तक्रार केली. सगळे एकच उत्तर देतात. कागद आहे ना! तपासणी झालीय ना! मग तुमची तक्रार खोटी!"

त्यानं समोरच्या काचेकडे हात केला. काचेच्या कोपऱ्यात एक कागद चिकटवलेला होता. विद्युलता पुढे झाली. धूर त्रेचाळीस. गाडी नियमांनुसार योग्य. खाली सही होती.

सही तिची होती!

सहा महिन्यांपूर्वीच्या त्या तीन बसपैकी ही एक. तिनं ही बस आज पहिल्यांदा पाहिली होती! चार महिने या मुलींनी तक्रार केली, आणि चार महिने त्यांचं तोंड कुणी बंद केलं? गुरुराजांनी? कारखान्यानं? नाही, हिनं लिहिलेल्या या एका ओळीनं! विद्युलता बसच्या चाकाला टेकून उभी राहिली.

पण क्षणभरच. मग तिनं पदर खोचला.

"सुब्बा, गाडी केंद्रासमोर घ्या! इंजिन चालू ठेवा!"

तिनं शेवटच्या बाकाखालचं रबर वर केलं. खाली पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरच्या नळीचा सांधा उघडा पडला होता. मग तिनं यंत्राची नळी मागे लावली. सुब्बानं अॅक्सिलरेटर दाबला. काळ्या धुराचा लोट उठला, आणि आकडा साठ, सत्तर, ऐंशी करत नव्वदच्या पुढे गेला! तिनं तीनदा तपासणी केली. तिन्ही वेळा तेच.

नोंदवहीत तिनं ठळक अक्षरांत लिहिलं : नापास.

तासाभरात गुरुराज आले. आधी घाबरले, मग चिडले. "अक्का, हें काय मांडलें आहे? सांधा उद्यां जोडून घेतों. नोंद फाडा आणि पास लिहा. शुक्रवारीं माझें कंत्राट जाईल!"

"नोंद फाडता येत नाही, गुरुराज. आणि ही गाडी दुरुस्त झाल्याशिवाय माझ्याकडून कागद मिळणार नाही. उरलेल्या तेहतीस गाड्याही इथे आणा. एकेक तपासीन."

"मागच्या वेळीं न पाहतां दिलेंत तेव्हां कोठें गेला होता हा नियम?"

"चुकले मी!" विद्युलता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "उद्या सकाळी परिवहन कार्यालयात जाऊन मी हेच लिहून देणार आहे. तीन गाड्यांचे कागद मी न तपासता दिले, ते रद्द करा म्हणून!"

गुरुराज पाहतच राहिले. "वेड लागलें काय? तुमचाच परवाना जाईल!"

"जाऊ दे! ती मुलगी गेली असती तर?"

गुरुराज दवाखान्याकडे वळले. कनका शुद्धीवर आली होती. मालक आलेले पाहून ती बिचारी घाबरून उठून बसली आणि म्हणाली, "सार, माझी कामाची पाळी बुडणार नाही. उद्या येते मी." गुरुराजांना तिथे उभं राहवेना. ते बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते, असं सुब्बानं नंतर सांगितलं.

गुरुवारी सकाळी विद्युलतानं लिहिलेलं पत्र आणि रेघ मारून रद्द केलेले ते बारा कागद घेऊन ती आणि दर्शन परिवहन कार्यालयात गेले. राणोजीराव सोबत होते, पण आत जाताना म्हणाले, "मी बाहेर बसतों. हें तुझें तूंच बोलायचें."

अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. "स्वतःहून येऊन असं सांगणारं कुणी मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "पण चूक ती चूक." तीन प्रमाणपत्रं रद्द झाली. नोटीस निघाली, आणि परवाना दोन महिन्यांसाठी निलंबित झाला. केंद्राच्या दाराला सील लागलं तेव्हा विद्युलता तिथे उभी होती. पंपावरचे लोक कुजबुजत होते. काही जण उघड हसलेही. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्या रात्री तिला शांत झोप लागली.

इकडे कनकाच्या मैत्रिणी गप्प बसल्या नाहीत. नापासाच्या नोंदीची प्रत घेऊन त्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आता तक्रार खोटी म्हणायची सोय राहिली नव्हती! कारखान्यानं सांगितलं, प्रत्येक बस तपासून घ्या, आणि तपासणीच्या वेळी आमचा माणूस हजर असेल. गुरुराजांनी कंत्राट गमावलं नाही, पण पाच बस त्यांना आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवाव्या लागल्या.

दोन महिन्यांनी केंद्र पुन्हा उघडलं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे दुसरीकडे गेले होते. विद्युलता यंत्र पुसत बसली होती, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मग दुसरा. मग तिसरा! ती बाहेर आली आणि पाहतच राहिली. हमरस्त्याच्या कडेला बसची रांग लागली होती आणि पहिल्या बसमधून गुरुराज उतरत होते.

"अक्का, तेव्हां दुसऱ्या केंद्रांत तपासून घेतल्या, आतां तुम्हीही पाहा. पाळ्या बदलून वेळ काढला आहे. आज सतरा, उद्यां सतरा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जी नापास होईल ती नापासच लिहा. मला रस्त्यावर कळण्यापेक्षां येथें कळूं दे."

केवढी धांदल उडाली त्या दोन दिवसांत! इंजिनं गुरगुरत होती, ड्रायव्हर पैजा लावत होते कुणाची गाडी कमी धूर सोडते म्हणून, दर्शन रजा घेऊन नोंदी लिहीत होता. एकतीस पास झाल्या, तीन परत गेल्या. आणि त्या तिन्ही बसच्या पुढे "नापास" लिहिताना विद्युलताला जितका अभिमान वाटला, तितका चौतीस कागदांच्या स्वप्नातही वाटला नव्हता!

नागरिकहो, आपल्यापैकी कुणी गाडी तपासतो, कुणी पूल तपासतो, कुणी औषध, कुणी शाळेचं छप्पर. कायद्यानं आपल्या हाती शिक्का दिला आहे, कारण बाकीच्यांना प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन पाहता येत नाही. ती माणसं आपल्याला कधी भेटणार नाहीत, आपलं नावही त्यांना कळणार नाही; पण आपल्या सहीवर विसंबून ती निर्धास्त बसतात, डोळे मिटतात, झोपीही जातात. म्हणून सही करण्यापूर्वी उठा, जवळ जा, आणि खरोखर पाहा!