चार बीजाणू

तिने स्लाइडवर यीस्टचा थेंब सोडला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही. पेशींच्या पिशव्या झालेल्या, आणि प्रत्येक पिशवीत चार बीजाणू. एखाद-दुसऱ्या पिशवीत नव्हे, जिथे बघावं तिथे. प्रयोगशाळेतल्या प्लेटा धुणारे काका मागे उभे होते. तिला हाक मारण्याआधी त्यांनी स्वतः पाहून खात्री करून घेतली होती.

तिच्या गाइड सरांचा शोध मेला होता. यीस्टचे दोन प्रकार असतात आणि एका प्रकाराची पेशी दुसऱ्या प्रकाराशीच जुळते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. तिच्या स्ट्रेनमधली, म्हणजे तिने वाढवलेल्या वाणातली, पेशी कोणाशीच जुळेना, म्हणून जुळणं बंद पाडणारा नवा जीन सापडल्याची दवंडी सरांनी पिटली. प्रकार बदलणारा जीन आधी काढून टाकायचा असतो. तो खरंच निघालाय का, हे बघायची तसदी या महाशयांनी घेतली नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. जीन शाबूत होता. पेशीने प्रकार बदलला, आपल्यातूनच फुटलेल्या लेकीशी जुळून मोकळी झाली, आणि जुळलेली पेशी पुन्हा जुळत नसते. उपाशी ठेवली की बीजाणू धरते ती मात्र अशी जुळलेलीच. तेवढी उपाशी ठेवायची अक्कल चालवली काकांनी, कुणी न सांगता.

तिला सरांची किळस आली. मागच्याच महिन्यात त्यांनी काकांना सगळ्यांदेखत अडाणी म्हटलं होतं. असला माणूस प्राध्यापक होतोच कसा, हे ती चार वर्षं मैत्रिणींना विचारत आली होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा पुसला. चुकलो म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"याच जीनवरचा प्रबंध परवा द्यायचाय ना? नाव तुझं आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "पहिल्यापासून करायचं असेल तर कर, माझी ना नाही. अजून चार वर्षं."

ती परत आली तेव्हा काका सिंकपाशी वाट बघत होते. तिने स्लाइड स्पिरिटने पुसली. मग काकांनी उपाशी ठेवलेली ती प्लेट उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"प्लेट खराब झाली होती, काका," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "त्यात काही नव्हतं."

चार वर्षं तिला पोरी म्हणून हाक मारणाऱ्या काकांनी हात पुसले.

"बरं, मॅडम," ते म्हणाले.